पोरक्या गाड्यांचे पालक

गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे शिकागोला गेलो होतो. परदेशी गेलेल्या निवृत्त आईबापांचे जे होते तेच आमचे झाले. पहिल्या पंधरवड्यात नायगारा झाला, म्युझियमे झाली, देवळातला रविवारचा प्रसाद झाला, आणि मग मी खिडकीशी बसून शेजाऱ्यांचे गवत कापणे पाहू लागलो. एका शनिवारी जावई म्हणाले, "बाबा, तुम्हाला जुन्या मोटारींची आवड आहे ना? चला, साऊथ बेंडला जाऊन येऊ." गाडीने दोन तासांच्या आतला रस्ता. इंडियाना राज्यात शिरल्यावर वाटेत कुठेतरी घड्याळ एक तास पुढे करावे लागते. पुढच्या काही तासांत मात्र माझे घड्याळ साठ वर्षे मागे गेले.

साऊथ बेंड हे स्टुडबेकर मोटारींचे गाव. आज पन्नाशीच्या आत असलेल्या वाचकांना हे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. मला ठाऊक होते ते आमच्या तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरांमुळे. १९६० च्या दशकात त्यांच्याकडे १९५० सालची स्टुडबेकर चॅम्पियन होती. तिच्या नाकावर बंदुकीच्या गोळीसारखा एक गोल उंचवटा होता, आणि आम्हा पोरांची पक्की समजूत होती की तिथे विमानाचा पंखा बसवायचा राहून गेला आहे. एकदा आईच्या दुखण्यात डॉक्टर आम्हाला त्या गाडीतून पुण्याला घेऊन गेले. खंबाटकीच्या घाटात पुढे एक ट्रक अडकला आणि गाडी चढावर उभी राहिली. डॉक्टरांनी ब्रेकवरचा पाय काढला, दोन्ही हात वर केले आणि मागे वळून मला म्हणाले, "बघ रे, मागे जाते का!" गाडी जागची हलली नाही. स्टुडबेकरने १९३६ मध्ये 'हिल होल्डर' नावाची एक सोय आणली होती. चढावर क्लच दाबून ब्रेक लावला, की क्लच सोडेपर्यंत ब्रेक धरलेलाच राही. सहा-सात वर्षांच्या मुलाला तो चमत्कार वाटला. आईलाही वाटला असावा, कारण तिने हात जोडले होते.

पुढे त्या गाडीला सुटे भाग मिळेनात. कंपनीच बंद झालेली, परदेशातून काही मागवायचे तर आयातीचे निर्बंध. डॉक्टरांनी तिला दवाखान्यामागच्या चिंचेखाली लावले आणि ती तिथेच गंजली. मी कॉलेजसाठी गाव सोडले तेव्हा तिच्या मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालत असे.

साऊथ बेंडच्या संग्रहालयाबाहेरच्या आवारात त्या शनिवारी पाच-सहा स्टुडबेकर उभ्या होत्या. चकचकीत, रंगवलेल्या, आणि मुख्य म्हणजे चालत्या. मालक घडीच्या खुर्च्या टाकून बॉनेटशेजारी बसले होते. अमेरिकेत अशा गाड्यांना 'ऑर्फन कार' म्हणतात. पोरक्या गाड्या. जिला जन्म देणारी कंपनी उरली नाही ती गाडी पोरकी. त्या खुर्च्यांवर बसलेली माणसे पाहून वाटले, हे तर दत्तक घेतलेले पालक!

एक कर्जप्रकरण

मी अडतीस वर्षे बँकेत काढली. त्यामुळे कुठल्याही कारखान्याची गोष्ट ऐकताना मन आपोआप कर्जप्रकरणाची फाईल उघडते. स्टुडबेकरची फाईल मोठी आहे.

१८५२ मध्ये हेन्री आणि क्लेमंट या दोन भावांनी ६८ डॉलरच्या भांडवलावर साऊथ बेंडमध्ये लोहारकाम सुरू केले. तिसरा भाऊ जॉन सोन्याच्या ओढीने कॅलिफोर्नियाला गेला. तिथे सोने शोधण्याऐवजी तो खाणवाल्यांसाठी हातगाडे बनवू लागला आणि काही वर्षांनी आठ हजार डॉलर गाठीला बांधून परत आला. ते पैसे त्याने घरच्या धंद्यात घातले. यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याला त्यांनी गाड्या पुरवल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत घोड्यांच्या गाड्या बनवणारा हा जगातल्या सर्वांत मोठ्या कारखान्यांपैकी एक झाला. मोटारी आल्या तेव्हा घोडागाडीवाले बहुतेक कारखाने बुडाले. स्टुडबेकरने मात्र १९०२ मध्ये विजेवर चालणारी आणि १९०४ मध्ये पेट्रोलवर चालणारी मोटार काढली. विजेची मोटार ही आजची नवलाई आहे असे समजणाऱ्यांनी ते साल लक्षात ठेवावे.

फाईलमधला पहिला लाल शेरा १९३० च्या सुमाराचा. मंदी आलेली होती. अल्बर्ट अर्स्किन हे अध्यक्ष होते. मंदी चार दिवसांची आहे, या विश्वासाने त्यांनी नफ्यापेक्षा कितीतरी जास्त लाभांश गंगाजळीतून वाटला. १९३३ च्या मार्चमध्ये कंपनी दिवाळखोरीत जाऊन न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकांच्या हाती गेली आणि जुलैमध्ये अर्स्किन यांनी आत्महत्या केली. तिथून पॉल हॉफमन आणि हॅरॉल्ड व्हान्स या दोघांनी तिला वर काढले. हे हॉफमन पुढे युरोपच्या उभारणीसाठीच्या मार्शल योजनेचे प्रशासक झाले. एक बुडालेला कारखाना सावरणाऱ्याच्या हाती एक उद्ध्वस्त खंड दिले गेले, ही मला नेहमीच शहाणपणाची निवड वाटत आली आहे.

दुसऱ्या महायुद्धात स्टुडबेकरचे सहाचाकी ट्रक हजारोंच्या संख्येने रशियाला गेले. त्यांच्या पाठीवर 'कत्युशा' अग्निबाण बसवून लाल सैन्य लढले. रशियन सैनिकांच्या तोंडी हे नाव इतके बसले की युद्ध संपल्यावरही ते पुसले गेले नाही. युद्ध संपताच, इतर कंपन्या १९४२ चीच गाडी नवा मुलामा देऊन विकत असताना, स्टुडबेकरने १९४७ साठी अगदी नव्या घाटाची गाडी बाजारात आणली. तिला मागच्या बाजूला गोलाकार वळलेल्या एवढ्या काचा होत्या, की ती येते आहे की जाते आहे हे कळत नाही, असा विनोद लोक करीत. आमच्या डॉक्टरांच्या गाडीचे नाक १९५० चे. आणि १९५३ मध्ये रेमंड लोवी यांच्या कार्यालयातून, रॉबर्ट बर्क यांच्या हातून, जी ठेंगणी, लांबसडक कूपे आली ती आजही अमेरिकेतल्या सर्वांत देखण्या मोटारींत गणली जाते.

आणि नेमक्या त्याच गाडीने कंपनीचे कंबरडे मोडायला सुरुवात केली. कंपनीचा अंदाज असा, की गिऱ्हाईक चार दारांची घरगुती सेडान मागेल. गिऱ्हाइकाने मागितली दोन दारांची कूपे. शिवाय कारखान्यात पुढचे पत्रे एकमेकांना नीट जुळेनात, म्हणून गाड्या उशिरा बाहेर पडल्या. त्याच वेळी फोर्ड आणि शेवरोलेने आपापसात किमतीचे युद्ध पुकारले. दोन हत्ती झुंजले की खालचे गवत तुडवले जाते, तसे लहान कंपन्यांचे झाले.

१९५४ मध्ये पॅकार्ड कंपनीने स्टुडबेकरशी विलीनीकरण केले. पॅकार्ड म्हणजे श्रीमंतांची गाडी, पदरी पैसा बाळगून असलेली. करार झाल्यावर त्यांच्या माणसांनी स्टुडबेकरचे हिशेब खोलात तपासले. तेव्हा आढळले, की तोटा टाळायचा तर वर्षाला २,८२,००० गाड्या विकल्या जायला हव्यात, आणि त्या वर्षीचा आकडा होता ८२,००० च्या आसपास. वाचकहो, हे वाक्य मी संग्रहालयाच्या बाकावर बसून दोनदा वाचले. करार झाल्यावर हिशेब! आमच्या शाखेत एखाद्या नवख्या अधिकाऱ्याने पिठाच्या गिरणीला असे कर्ज मंजूर केले असते तर त्याची वेतनवाढ रोखली गेली असती. पॅकार्डला त्याची किंमत जिवाने मोजावी लागली. १९५८ नंतर त्या नावाची गाडी निघाली नाही.

१९५९ मध्ये आलेल्या 'लार्क' या आटोपशीर गाडीने कंपनीला दोन वर्षे श्वास दिला. मग मोठ्या तिघांनीही लहान गाड्या काढल्या. शेवटचा डाव म्हणून लोवी यांनी 'अवांती' आखली. फायबरग्लासची, समोर जाळी नसलेली, अजूनही कालची वाटत नाही अशी. तिचे सांगाडे वेळेवर मिळाले नाहीत आणि साडेचार हजारांच्या आसपासच गाड्या निघाल्या. ९ डिसेंबर १९६३ रोजी साऊथ बेंडचा कारखाना बंद होत असल्याचे जाहीर झाले आणि २० डिसेंबरला शेवटची गाडी बाहेर पडली. नाताळला पाच दिवस होते. कॅनडातल्या हॅमिल्टनला उत्पादन आणखी थोडे चालले. मार्च १९६६ मध्ये तेही थांबले. ती शेवटची फिरोजी रंगाची गाडी संग्रहालयात आहे.

कंपनी मेली नव्हती

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही बुडालेल्या कारखान्याची आहे. पण फाईलचे शेवटचे पान वेगळे आहे, आणि मला ते संग्रहालयाच्या भिंतीवरून जितके कळले त्याहून अधिक आवारातल्या एका गृहस्थांकडून कळले.

ते सत्तरी ओलांडलेले होते. त्यांची लार्क पांढऱ्या रंगाची. मी तिच्याकडे फार वेळ बघतो आहे हे पाहून त्यांनी मला खुर्ची दिली. डॉक्टरांच्या गाडीची आणि घाटाची गोष्ट मी माझ्या इंग्रजीत सांगितली. ते हसले, उठले आणि लार्कचे दार उघडून क्लचकडे बोट दाखवीत म्हणाले, "हिलाही आहे." मग गप्पा सुरू झाल्या. त्यांचे वडील इथेच जुळणीच्या रांगेवर होते. कारखाना बंद झाला तेव्हा वय बावन्न, नोकरी तेवीस वर्षांची.

मी बँकेतला माणूस. मी विचारले, "पेन्शन?"

ते म्हणाले, "शंभरातले पंधरा."

याचा अर्थ नीट सांगायला हवा, कारण तो आपल्यालाही लागू आहे. स्टुडबेकरच्या कामगार संघटनेने करारात पेन्शन मिळवली होती. कागदावर ती उत्तम होती. पण तिच्यासाठी बाजूला काढलेला निधी पुरेसा नव्हता. पेन्शन वाढत गेली, पैसे मागे राहिले. कारखाना बंद झाला तेव्हा योजनेत सुमारे साडेदहा हजार माणसे होती. साठी गाठलेल्या आणि आधीच निवृत्त झालेल्या मिळून सुमारे ३,६०० जणांना पूर्ण पेन्शन मिळाली. चाळीस ते एकोणसाठ या वयाच्या, दहा वर्षांहून अधिक नोकरी झालेल्या सुमारे ४,००० जणांना त्यांच्या हक्काच्या रकमेच्या पंधरा टक्के, एकरकमी. उरलेल्या सुमारे २,९०० जणांना काहीही नाही.

कायदा मोडला गेला नव्हता. करारातच तसे लिहिले होते. आणि कंपनी? ती मेली नव्हती. मोटारींचा धंदा बंद करण्याआधीच तिने इतर अनेक धंदे विकत घेतले होते. इंजिनात घालायच्या 'एसटीपी' नावाच्या तेलापासून जनित्रांपर्यंत. १९६७ मध्ये दुसऱ्या एका कंपनीत मिसळून ती पुढे चालत राहिली. भागधारकांच्या दृष्टीने पाहिले तर कारखाना बंद करण्याचा निर्णय चुकीचा नव्हता. ताळेबंद दोन्ही बाजूंनी जुळला. बावन्न वर्षांचा जुळारी मात्र त्या ताळेबंदाच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हता.

या घटनेने अमेरिका हादरली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण पेन्शनच्या प्रश्नावर बोलणाऱ्या प्रत्येकाला एक उदाहरण मिळाले. अकरा वर्षांच्या वादानंतर २ सप्टेंबर १९७४ रोजी, म्हणजे तिथल्या कामगार दिनी, राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी निवृत्तिवेतन संरक्षणाच्या कायद्यावर सही केली. खासगी कंपन्यांना पेन्शनसाठी पुरेसा निधी ठेवणे बंधनकारक झाले आणि कंपनी बुडाली तर ठरावीक मर्यादेपर्यंत हमी देणारे सरकारी महामंडळ उभे राहिले. आज अमेरिकेतल्या कोट्यवधी माणसांच्या म्हातारपणाच्या मुळाशी साऊथ बेंडच्या त्या कामगारांचे नुकसान आहे. त्यांना स्वतःला मात्र त्याचा उपयोग झाला नाही. कायदा मागे जाऊन लागू होत नसतो.

मी त्या गृहस्थांना जरा भीतभीतच विचारले, "मग ज्या कंपनीने वडिलांना असे वागवले तिची गाडी तुम्ही इतक्या प्रेमाने का सांभाळता?"

ते रागावले नाहीत. हा प्रश्न त्यांना आधीही कुणी विचारला असावा. म्हणाले, "कंपनीवर कोण प्रेम करतो? ही गाडी माझ्या वडिलांनी जोडली आहे. हीच असेल असे नाही. पण अशीच."

प्रेम कशावर असते

परतीच्या वाटेवर मी या उत्तराचा विचार करीत होतो. आपण सरसकट म्हणतो, की लोकांचे 'ब्रँड'वर प्रेम असते. जाहिरातवाल्यांना ते म्हणणे सोयीचे असते. पण ब्रँड म्हणजे नाव, आणि नावाचा मालक कंपनी असते. ती ते कधीही पुसू शकते. गेल्या पंचवीस वर्षांत अमेरिकेत किती जुनी नावे पुसली गेली पाहा. प्लिमथ २००१ मध्ये, ओल्ड्समोबिल २००४ मध्ये, पाँटिअ‍ॅक २०१० मध्ये, मर्क्युरी त्याच्या पुढच्या वर्षी. यांतले प्लिमथ आपल्या परिचयाचे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात स्वातंत्र्याच्या सुमारास जोडणी सुरू केली ती डॉज, डिसोटो आणि प्लिमथ याच गाड्यांची. डिसोटो तर १९६० मध्येच संपली.

नावे पुसली गेली तरी गाड्या राहिल्या. त्या कुणी राखल्या? स्टुडबेकरचे उदाहरण घेऊ. तिच्या चाहत्यांचा क्लब १९६२ मध्ये, म्हणजे कारखाना चालू असतानाच स्थापन झाला आणि आजही चालू आहे. कारखाना बंद झाल्यावर साऊथ बेंडच्याच दोन विक्रेत्यांनी अवांतीचे साचे आणि हक्क विकत घेतले आणि १९६५ पासून तीच गाडी दुसऱ्या कंपनीचे इंजिन घालून हाताने बनवायला सुरुवात केली. कंपनीने १९६६ मध्ये आपला संग्रह शहराला देऊन टाकला. लिंकन ज्या बग्गीतून आयुष्यातल्या शेवटच्या रात्री नाटकाला गेले तीही त्यात आहे. पण चाहत्यांच्या दृष्टीने त्याहून मोलाचे म्हणजे कागद. नकाशे, पुस्तिका, प्रत्येक गाडीच्या मागणीची नोंद. आज तुमच्याकडे स्टुडबेकर असेल तर तिच्या क्रमांकावरून संग्रहालय तुम्हाला सांगू शकते, की ती कोणत्या रंगाची, कोणत्या इंजिनाची आणि कोणत्या विक्रेत्यासाठी बनली होती. गाडीचा जन्मदाखलाच म्हणा ना.

आवारातल्या मंडळींचे बोलणे मी ऐकत होतो. कुणी कुणाला कार्ब्युरेटरचा संच देत होता, कुणी एका दाराच्या रबराचा पत्ता सांगत होता. त्यात निवृत्त शिक्षक होता, एक नर्स होती, एक विशीतला मुलगा होता. त्या मुलाने कारखाना कधी पाहिला नव्हता, त्याच्या घरातले कुणी तिथे नव्हते. मी त्याला विचारले, हीच गाडी का? तो म्हणाला, "मला कळते म्हणून. उघडली की सगळे समोर दिसते."

मला वाटते, प्रेमाचे अर्धे रहस्य या वाक्यात आहे. ज्या यंत्राचे पोट उघडून आपण पाहू शकतो, ज्याचे दुखणे आपल्याला ओळखता येते, त्याच्यावर माया जडते. आमच्या घरी आजीचे शिलाई मशीन होते. दर दिवाळीआधी ती त्याला तेल घाली आणि कपाळावर कुंकू लावी. ती पूजा देवीची होती तशीच ओळखीचीही होती.

नव्या पोरक्या गाड्या

आता आजच्या गाड्यांकडे पाहू. फिस्कर नावाच्या अमेरिकी कंपनीने 'ओशन' ही विजेवरची गाडी काढली. जून २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. गाड्या काही थोड्या नव्हेत, हजारो माणसांनी घेतल्या होत्या. आधीच्या काळात कंपनी बुडाली तर मालकाला काळजी असे ती सुट्या भागांची. इथे गाडी सतत कंपनीच्या दूरच्या संगणकाशी बोलणारी. तो संगणक कोण चालू ठेवणार? तिची आज्ञावली कोण सुधारणार? उरलेल्या गाड्या घाऊक विकत घेणाऱ्या व्यवहारातही हाच प्रश्न आडवा आला. मालकांनी आपली संघटना काढली, आणि ही मंडळी आता पान्याऐवजी कीबोर्ड घेऊन बसली आहेत. म्हणजे पोरक्या गाड्यांचे पालक अजूनही जन्माला येत आहेत. फक्त त्यांच्या हाती नकाशे नाहीत. ते बंद कुलपात आहेत.

दुरुस्तीचा हक्क हा शब्दप्रयोग आपल्याकडेही आता ऐकू येतो. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने त्यासाठी समिती नेमली. मोबाइलपासून ट्रॅक्टरपर्यंत अनेक वस्तूंचा त्यात विचार आहे. याला कुणी शौकिनांचा विषय समजू नये. कर्ज काढून घेतलेली वस्तू, हप्ते फिटण्याआधी तिच्या निर्मात्याबरोबर मरणार असेल, तर ती वस्तू तारण म्हणून तरी किती किमतीची? हा प्रश्न बँकांनी विचारायला हवा, आणि पगारदार कुटुंबांनी त्यांच्याही आधी.

सरकारने जुन्या गाड्यांकडे दुर्लक्ष केले असे म्हणता येणार नाही. २०२१ मध्ये नियम आले. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी, 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक, शुल्क वीस हजार रुपये. चांगली गोष्ट आहे. पण मधल्या वयाच्या गाड्यांचे काय? ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी गेली. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची, आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. नियम योग्यच होता, धुराचा विचार केला तर आवश्यकही होता. तेव्हा निदान एक तरी काळी-पिवळी जपून ठेवा अशी मागणी झाली. मागणी एका गाडीची होती. ती चालवणाऱ्यांची, सांभाळणाऱ्यांची, कुर्ल्यात बनवणाऱ्यांची आठवण कुठे ठेवायची, हे कुणी विचारल्याचे माझ्या कानी आले नाही.

आणि तळेगाव. जनरल मोटर्स ही कंपनी महाराष्ट्रातून दोनदा गेली. १९२८ मध्ये तिने मुंबईत शिवडीला जोडणी सुरू केली आणि १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. दुसऱ्या वेळी २००८ मध्ये तळेगावला कारखाना उघडला, २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली आणि डिसेंबर २०२० मध्ये उत्पादनही. पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेण्याचा करार २०२३ मध्ये झाला. जमीन, इमारत, यंत्रे यांना वारस मिळाला. हजारभर कामगार मात्र आपले काय, हे विचारत कामगार आयुक्तांच्या आणि न्यायालयाच्या दारात उभे होते. साऊथ बेंडचा तो रकाना, बावन्न वर्षांच्या जुळाऱ्याचा, आपल्याही वहीत कोराच आहे.

फलक उतरतो तेव्हा

माझे स्वतःचे सांगतो. मी १९८२ मध्ये ज्या बँकेत चिकटलो ती आता नाही. माझ्या निवृत्तीच्या वर्षी, १ एप्रिल २०२० ला ती दुसऱ्या बँकेत विलीन झाली. टाळेबंदी होती, त्यामुळे समारंभही झाला नाही. काही महिन्यांनी शाखेवरचा फलक उतरवला तेव्हा शिपाई मामांनी त्यातले एक अक्षर मागून घेतले. आमच्या निवृत्तांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटाला अजून जुन्याच बँकेचे नाव आहे. नव्या बँकेवर आमचा राग नाही. पेन्शन दर महिन्याला बिनचूक जमा होते.

ते बिनचूक जमा होणे हा योगायोग नाही. १९९३ चा करार आणि १९९५ चे विनियम यांमुळे बँकेतल्यांना पेन्शन मिळाली. तेव्हा अनेक सहकाऱ्यांनी ती नाकारली. "बँकेचा काय भरवसा, प्रॉव्हिडंट फंडाचे रोख पैसे बरे," असे ते म्हणत. मी घेतली, ती शहाणपणाने नव्हे, बायकोच्या आग्रहाने. १ एप्रिल २०१० नंतर लागलेल्या मुलांना मात्र ती नाही. त्यांच्यासाठी बाजाराशी बांधलेली नवी योजना आहे. मार्च २०२३ मध्ये राज्यातले कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले तेव्हा आमच्या सोसायटीत त्यांना शिव्या देणारे बरेच होते. सरकारी तिजोरीवरचा भार खरा आहे, मी तो नाकारत नाही. पुरेसा निधी न ठेवता दिलेले वचन कसे मोडते ते साऊथ बेंडनेच दाखवले आहे. पण वचन देणे परवडत नाही, हे कारण पुढे करून म्हातारपणाची सगळी जोखीम एकट्या माणसाच्या खांद्यावर टाकणे, हेही उत्तर नव्हे. आणि खासगी कारखान्यातल्या माणसाचा तर विचारच नको. 'ईपीएस-९५' ची किमान पेन्शन २०१४ मध्ये महिना एक हजार रुपये ठरली. त्या पैशात आज मोतीबिंदूचे थेंब आणि रक्तदाबाच्या गोळ्यासुद्धा महिनाभर पुरत नाहीत.

साऊथ बेंडहून निघण्यापूर्वी आम्ही स्टुडबेकरच्या जुन्या कारखान्यावरून गेलो. अनेक वर्षे ओसाड पडलेल्या त्या इमारतींपैकी काहींत आता तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालये आहेत. इथल्याच एका इमारतीत १४ एप्रिल २०१९ रोजी गावचे महापौर पीट बुटिजेज यांनी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली होती. गावाबाहेर कंपनीचे जुने चाचणी मैदान होते. तिथे १९३० च्या दशकात कंपनीने पाइनची रोपे अशा रीतीने लावली, की विमानातून पाहिले तर झाडांनी लिहिलेले 'स्टुडबेकर' हे नाव दिसावे. आज तिथे सार्वजनिक उद्यान आहे. झाडे वाढली आहेत, आणि अक्षरे अजून वाचता येतात. जमिनीवरून चालणाऱ्याला ती फक्त सावली देतात.

जावयांनी विचारले, "बाबा, कशी वाटली गाडी?" मी म्हटले, गाडी छानच. पण मला त्या गृहस्थांच्या वडिलांचे नाव विचारायचे राहून गेले.

घरी आल्यावर मी गावी फोन लावला. डॉक्टरांचे चिरंजीव आता तिथे दवाखाना चालवतात. त्यांना विचारले, ती चिंचेखालची गाडी कुठे गेली? ते म्हणाले, "काका, ती कधीच भंगारात गेली. पण स्टिअरिंग व्हील माळ्यावर आहे. बाबांनी टाकू दिले नाही. तुम्हाला हवे आहे का?"

मी नको म्हटले. जिथे आहे तिथेच असू द्या, फक्त वर्षातून एकदा पुसा, असे सांगितले.